तिसरं कडवं

बोरी अरबमध्ये बाबासाहेबांच्या जयंतीला शिळं गाणं चालत नाही. संध्याकाळी वंदना झाली की पहिलं गाणं नवं लागतं, त्याच वर्षी जुळवलेलं. लोकांच्या तोंडात बसलेली जुनी गाणी त्यानंतर. हा नियम कुणी केला ते मला माहीत नाही. वाचनालयातल्या कुठल्या पुस्तकात तो सापडणार नाही. पण माझ्या आठवणीत तो कधी मोडलेला नव्हता, आणि कित्येक वर्षं ते नवं गाणं उकंडा नानाच देत आले होते.

मी गावच्या सार्वजनिक वाचनालयाचा ग्रंथपाल होतो. निवृत्त झालो तरी सकाळी तिथंच जाऊन बसतो. दुसरीकडे कुठं बसावं हे मला कधी नीट कळलं नाही. मार्चमधल्या एका सकाळी नाना तिथं आले. सोबत जफर. जफर दारव्ह्याचा, मोटारपंप दुरुस्त करणारा मिस्त्री, आणि नानांचा ढोलकीवाला. नाना विहारात गातात आणि जफर जुम्मा चुकवत नाही, पण दोघांची जोडी अशी की एकाला बोलावलं की दुसऱ्याला निरोप द्यावा लागत नसे. ढोलकी त्यानं गाडीच्या टाकीवर दोरीनं बांधून आणली होती.

"बाबूजी, दार लोटून घ्या," नाना मला म्हणाले. "गाणं आयकवाचं हाये."

"तुमचं गाणं ऐकायला दार कशाला लोटायचं?"

"लाजून राह्यला तो यंदा," जफर म्हणाला. "पंचाहत्तरीत नवरीवाणी लाजते. मले तं वाटलं बुढ्यानं दुसरं लगन जमवलं."

"गप बे," नाना म्हणाले, आणि खुर्ची सोडून खाली सतरंजीवर बसले. खुर्चीत त्यांना गाता येत नसे.

गाणं त्यांच्या आईवर होतं. म्हातारपणी ती रात्रीच्या साक्षरता वर्गाला जाऊन लिहायला शिकली, त्यावर.

*अंगठ्याची शाई मायनं इहिरीत धुतली,*
*साठाव्या सालात तिनं सही शिकली.*

जानेवारीपासून नानांचा गळा धरलेला होता. यवतमाळच्या डॉक्टरनं ताण देऊ नका म्हणून सांगितलं होतं. वरच्या पट्टीत आवाज चिरत होता, पण बंद खोलीत, तीन माणसांत, ते खटकलं नाही. दुसऱ्या कडव्यात माय रेशनच्या दुकानात सही करते आणि दुकानदार कागद उलटा धरून बघतो. मला हसू आलं. मग नाना थांबले. घोटभर पाणी प्यायले. जफरनं ढोलकीवरचा हात हलका केला.

*पाटीवर लिव्हलं नाव, म्हने पुसू काय याले?*
*उकंडा म्हने, राहू दे माय, यानंच वाचवलं मले.*

मायनं पाटीवर लिहिलेल्या उकंडा या नावाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. आमच्याकडे ज्या घरी लेकरं जगत नसत, तिथं पुढचं मूल जन्मलं की त्याला क्षणभर उकिरड्यावर ठेवत आणि नाव उकंडा ठेवत. घाणीला मरण हात लावत नाही, अशी समजूत. नानांच्या आधीचे दोन भाऊ गेले होते. नाना जगले आणि नाव अंगाला चिकटलं. शाळेत पोरं त्यांना पाहून नाक धरत. कोणताही शाहीर शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतो. नानांनी ते आयुष्यात केलं नाही. त्यांची काही गाणी म्हणूनच दुसऱ्यांच्या नावावर गेली. दारव्ह्याच्या एका गायन पार्टीनं त्यांचं एक गाणं स्वतःचं नाव घालून कॅसेटवर काढलं, तेव्हाही ते काही बोलले नाहीत.

"माहं नाव घ्याचं म्हनतो यंदा," नाना खाली बघत म्हणाले. "समद्या लोकायसमोर. मायनं ठेवलेलं हाये शेवटी. गळा पुढच्या वर्साले राहते का नाई, कोन सांगावं. बरं हाये का?"

मला फार काही सांगायचं होतं. मी म्हणालो, "बरं आहे."

"बाबूजीचं 'बरं हाये' म्हंजे दुसऱ्याचा सत्कार समज," जफर म्हणाला.

गाण्याचे शब्द मी इथे आठवणीतून दिले आहेत. ते अगदी असेच होते, हे छातीठोकपणे सांगण्याची माझी हिंमत नाही.

एप्रिल लागला आणि प्रफुल्ल पुण्याहून आला. प्रफुल्ल आमच्याच गावचा, मैनाबाईंचा मुलगा. त्रिमिती चित्रं दाखवणारे पडदे बनवणाऱ्या एका कंपनीत तो नोकरीला आहे. चष्मा न लावता चित्रातला माणूस पडद्याच्या बाहेर उभा दिसावा, असे पडदे. आदल्या डिसेंबरात तो नानांना पुण्याला घेऊन गेला होता आणि दोन कॅमेरे शेजारी-शेजारी लावून त्यांचं गाणं त्यानं चित्रित करून घेतलं होतं. तेव्हा गळा ठीक होता. गाणं अर्थातच मागच्या जयंतीचं. जफरला नेलं नव्हतं. ढोलकी संगणकातून घालता येते म्हणाले.

"माही ढोलकी काहून नाई नेली, तं म्हने त्याच्यात एकच मानूस मावते," जफर सांगायचा. "म्या म्हनलं, मंग ढोलकीच न्या, मी घरी बसतो."

पडदा आला तो मोठ्या लाकडी पेटीत, चादरींत गुंडाळून. विहाराशेजारच्या नव्या सभागृहात तो बसवायचा होता. त्याच्याबरोबर उर्वशी नावाची तरुण इंजिनिअर आली होती. पडदा बंद असताना काचेसारखा आरपार दिसे. माणसाच्या उंचीचा. प्रकाशानं त्यात इतक्या बारीक रेषा उमटवलेल्या की हाताला लागत नाहीत, असं ती म्हणाली. दोन प्रोजेक्टर दोन वेगळी चित्रं टाकतात. त्या रेषा एक चित्र बघणाऱ्याच्या डाव्या डोळ्याकडे वळवतात आणि दुसरं उजव्या. बाकीचं काम आपलं डोकं करतं. मी प्रकाशावरचं एक जुनं पुस्तक वाचलेलं होतं, म्हणून मी मान डोलावत होतो. कळलं त्याहून थोडी जास्तच डोलावली असेन.

सभागृहात समोर मधोमध एक टेबल असतं. त्यावर बुद्धमूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्त्या, फुलं. पडदा त्या टेबलामागे, जरा उंचावर टांगला. खिडक्यांना काळं कापड लावलं. आम्ही सातआठजण होतो.

"सगळे मधोमध या," उर्वशी म्हणाली. "एकामागे एक. हं, असेच."

आम्ही दारापासून टेबलाकडे जाणाऱ्या वाटेवर रांगेनं उभे राहिलो. दिवे गेले, आणि नाना समोर उभे राहिले. चित्र म्हणवेना असे. पांढरा सदरा, निळा फेटा, पुढं केलेला उजवा हात इतका जवळ आलेला की माझ्यापुढे उभा असलेला अश्वजित, जयंती समितीचा सेक्रेटरी, मागं सरला आणि माझ्या पायावर आला. कानामागची शीरसुद्धा दिसत होती. खरे नाना आमच्या रांगेत सर्वांत पुढं होते. त्यांनी हात लांब केला, त्या हाताला लावायला. हात हवेत राहिला.

"याचा गळा बरा हाये अजून," ते म्हणाले.

सगळे हसले. तेही हसले.

"कार्यक्रमाला लोक कुठे बसतात?" उर्वशीनं विचारलं.

"समोर," प्रफुल्ल म्हणाला.

"समोरच," अश्वजित म्हणाला. मीही हो म्हटलं. ते खरंच होतं. तिनं आम्ही उभे होतो तिथं जमिनीवर एक पिवळी पट्टी चिकटवली आणि प्रोजेक्टर कायमचे आवळून टाकले.

मग प्रफुल्लनं कार्यक्रम सांगितला. वंदना, पाहुण्यांची भाषणं, पडद्याचं उद्घाटन. "नाना, यंदा तुम्ही त्रास घ्यायचा नाही. तुम्ही आमचे पाहुणे. सोफ्यावर बसायचं."

"अरे पन थे गानं शिळं हाये पोरा," नाना म्हणाले. "जयंतीले चालत नाई."

"असं कुणी कधी पाहिलेलंच नाही नाना. लोकांना ताजंच वाटेल."

"मले नवं म्हनाचं हाये."

"म्हणू ना. शेवटी वेळ काढू."

"वेळ काय दाढ हाये बे, काढाले?" जफर म्हणाला.

प्रफुल्लही हसला. तो वाईट मुलगा नाही. लहानपणी तो नानांच्या मांडीवर बसून कोरस द्यायचा. नाना मरून जातील आणि गावाजवळ काही राहणार नाही, याची त्याला खरीच धास्ती होती. पडदा गावात आणण्यासाठी त्यानं कंपनीतल्या साहेबांचे किती पाय धरले असतील कुणास ठाऊक. पडद्याखालच्या पाटीचा मजकूर त्यानं मलाच लिहायला सांगितला होता. मी लिहिला : 'शाहीर उकंडा'. यवतमाळहून पाटी रंगून आली तिच्यावर 'शाहीर नाना' असं होतं.

"पुण्याची माणसं बघायला येणार काका," प्रफुल्ल म्हणाला. "ते नाव जरा... तुम्हाला कळतं ना?"

मी मान डोलावली. मला कळलं होतं, एवढंच त्या मानेचं म्हणणं होतं. त्याला ते संमतीसारखं दिसलं असावं.

जयंतीच्या दिवशी ऊन असं होतं की दुपारी मिरवणुकीतल्या पोरांच्या चपला डांबराला चिकटत होत्या. संध्याकाळी सभागृह भरलं. पांढऱ्या साड्या, निळे फेटे, कोपऱ्यात ताकाचे पिंप. बायका डावीकडे बसल्या, पुरुष उजवीकडे, आणि मधली वाट मोकळी. आमच्याकडे ती मोकळीच असते. कार्यक्रम चालू असतानाही लोक येत राहतात. आलेला माणूस आधी सरळ टेबलापर्यंत जातो, मेणबत्ती लावतो, हात जोडतो आणि मग आपल्या बाजूला जाऊन बसतो. त्या वाटेत बसणं म्हणजे मूर्ती आणि माणूस यांच्या मध्ये बसणं. सोफासुद्धा पुरुषांच्या बाजूला भिंतीजवळ असतो. अश्वजितनं यंदा वाटेच्या दोन्ही बाजूंना दोरीही बांधली होती, गर्दी होणार म्हणून. पिवळी पट्टी दोरीच्या आत, रिकाम्या जमिनीवर होती.

रोजच्या वाटेकडे कोण बघतं? चाचणीच्या दिवशी आम्ही सगळे तिच्यावरच उभे होतो, आणि तिथं कुणी बसत नाही हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

भाषणं झाली. दिवे गेले. टाळ्या झाल्या आणि मग हळूहळू थांबल्या.

मी पुरुषांच्या बाजूला, सोफ्यामागे बसलो होतो. मला दिसला तो हिरवट, चपटा चेहरा. मी थोडा सरकलो, तर त्याहून वाईट झालं. नाक आत गेलं आणि कान पुढं आले. माणसाच्या तोंडाचा साचा करून तो आतल्या बाजूनं बघावा तसं काहीतरी. त्या पोकळ चेहऱ्यातून नानांचा डिसेंबरातला आवाज येत होता, स्वच्छ, वरच्या पट्टीत न अडखळणारा.

"आपला टीव्ही बरा याच्याहून," माझ्या शेजारचा म्हणाला.

"मैनाबाई वं," बायकांच्या बाजूनं आवाज आला, "तुह्या पोरानं नानाचं भूत केलं न वं!"

मैनाबाईंनी पदर तोंडाला लावला. प्रफुल्ल अंधारात प्रोजेक्टरपाशी धावला, उर्वशीशी कुजबुजला. तिनं नकारार्थी मान हलवली. नाना सोफ्यावर होते, माझ्यापुढेच. ते स्वतःच्या त्या चेहऱ्याकडे बघत होते आणि गुडघा चोळत होते.

तेवढ्यात साधना आली. ती अंगणवाडी सेविका, दारव्ह्याचा कार्यक्रम करून येणार म्हणून उशीर झालेला. हातात मेणबत्ती घेऊन ती मधल्या वाटेनं निघाली आणि निम्म्यावर एकदम थांबली.

"अगं बाई! नाना बाहेर आले!"

"कुठं? कुठं वं?"

"हे काय, माझ्याजवळ उभे आहेत!"

दोन बाया उठल्या. मग दहा. मग पुरुषही. ज्यांनी वंदनेच्या वेळी मेणबत्ती लावली होती, त्यांनी ती विझवून परत उचलली आणि दाराकडून पुन्हा निघाले. दोरीच्या आतल्या चार पावलांत नाना जिवंत होत आणि पाचव्या पावलाला चपटे होत. लोक त्या चार पावलांत रेंगाळत. अश्वजित शिटी फुंकत होता. "चालत राहा, थांबू नका! मेणबत्ती लावली की बाजूनं!" गाणं संपलं की प्रफुल्ल ते परत लावी. आता त्याचा चेहरा फुललेला होता. रांग दाराबाहेर गेली.

रांग सोफ्याला घासून वळत होती. "नाना, पाय जरा आत घ्या," एकजण नानांना म्हणाला. नानांनी पाय आत घेतले.

रुखमाबाई, नानांची बायको, रांगेत आल्या तेव्हा प्रफुल्लनं माइक घेतला. त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला आहे. ऑपरेशन उन्हाळ्यानंतर करू म्हणत होते. एका डोळ्याला तो पडदा काही दाखवू शकत नाही, हे मला नंतर सुचलं. त्या पट्टीवर येऊन उभ्या राहिल्या.

"सांगा काकू, कसे दिसले नाना?"

"फोटोवानी."

लोक हसले. "नीट बघा काकू. हात बघा, बाहेर आलाय की नाही?"

रुखमाबाईंनी मान तिरकी करून पाहिलं. "नाई बापा. हात तं तिकडं हाये," आणि सोफ्याकडे बोट दाखवलं. "गुडघा चोळून राह्यला."

एवढा हशा झाला की गाणं ऐकू येईना. त्या हशातच मागून रेटा आला, दोरी तुटली, कुणाची तरी पेटती मेणबत्ती सतरंजीवर पडली. उर्वशी ओरडली. प्रफुल्लनं घाईनं सगळं बंद केलं आणि दिवे लावले. मेणबत्ती पायानं विझवली गेली. काही झालं नाही. पण लोक रांग सोडून बसायला तयार नव्हते आणि रांग पुढं सरकत नव्हती. प्रफुल्लनं इकडं तिकडं पाहिलं. मग माइकवर म्हणाला, "तोपर्यंत... नाना आता आपल्याला नवं गाणं ऐकवतील."

तोपर्यंत. नाना उठले. जफरनं ढोलकीच्या दोऱ्या आधीच आवळल्या होत्या; तो केव्हाचा वाटच बघत होता.

नाना माइकपाशी उभे राहिले. मागं पडदा काचेसारखा आरपार झाला होता. "यंदाचं गानं," ते म्हणाले, आणि सुरू केलं.

पहिल्या ओळीलाच आवाज चिरला. वाचनालयात जे खटकलं नव्हतं ते माइकनं दहापट करून सगळ्या सभागृहात फेकलं. नानांनी पट्टी खाली घेतली. जफरनं ठेका सांभाळला. माय विहिरीवर शाई धुऊ लागली. पुढं बसलेले काही म्हातारे ऐकत होते. पण रांग उभीच होती, आणि उभी माणसं ऐकत नाहीत, ती बोलतात.

"आमची बारी राह्यली न."

"अवं पोट्टं झोपलं माहं, उठवून आनलं मुद्दाम."

दुसरं कडवं आलं. रेशनचं दुकान, उलटा धरलेला कागद. हसायची जागा होती. कुणी हसलं नाही. ऐकूच गेलं नसावं. नानांनी कडवं संपवलं आणि श्वास घ्यायला थांबले. त्या उसंतीत बायकांच्या बाजूनं एक आवाज आला. त्यात काही दुष्टावा नव्हता. बाजारात भाजी परत करताना बोलतात तसा होता.

"त्या पडद्यातल्या नानाले लावा न भाऊ. तो साफ म्हनत होता."

जफरनं तिसऱ्या कडव्याचा उठाव दिला. नाना गायले नाहीत. जफरनं तो फिरवून परत दिला. नानांचे ओठ हलले. ते पुरुषांकडे बघत होते, मग बायकांकडे, मग मधल्या रांगेकडे. मी मान खाली घातली. वर बघून त्यांच्याशी नजर मिळवावी, एवढंही मला जमलं नाही. माझ्या मनात त्या क्षणी हेही आलं की ती बाई खोटं बोलली नाही. जफरनं तिसऱ्यांदा उठाव दिला, आणि ढोलकी एकटीच वाजत राहिली.

"लाव बापा," नाना माइकमध्ये म्हणाले. "त्याले लाव."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या संध्याकाळच्या टाळ्यांत याच सर्वांत मोठ्या होत्या.

दिवे गेले. नाना खाली उतरले, पण सोफ्यावर आले नाहीत. ते मधल्या वाटेवर गेले आणि पिवळ्या पट्टीवर उभे राहिले. रांगेनं त्यांना जागा दिली. पडद्यात गाणं सुरू झालं. बाजूनं मला पडद्यातला चेहरा पोकळ दिसत होता, पण त्याच्या उजेडात खाली उभ्या नानांचा चेहरा नीट दिसत होता. ते त्याच्याकडे मान वर करून बघत होते. धृपद आलं तसं त्यांनी कोरस द्यायला सुरुवात केली. हलक्या आवाजात, मागं उभं राहून मुख्य गाणाऱ्याला सांभाळून देतात तसा. पडद्यातला नाना पुढं गात होता आणि खालचा नाना त्याची ओळ उचलत होता. दुसऱ्या धृपदालाही दिला.

"नाना, सरका न पुढं," मागून कुणीतरी म्हणालं. "मांगं लाईन हाये."

नाना सरकले. टेबलापाशी गेले. हातात मेणबत्ती नव्हती; त्यांनी नुसते हात जोडले आणि बाजूच्या दारानं बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. काहीतरी बोलावं म्हणून गेलो होतो. वाटेत दोन वाक्यं जुळवलीही होती. जफर रात्री तिथंच राहिला होता. नाना अंगणात बाजेवर बसले होते. रुखमाबाईंनी चहा दिला. जुळवलेली वाक्यं मी बशीत ओतून प्यालो म्हणायला हरकत नाही.

"मिस्त्री, उठाव तीनदा काहून देल्ला?" नाना जफरला म्हणत होते. "दोनदा द्याची रीत हाये."

"तू तीनदा चुप राह्यला, म्या तीनदा देल्ला. रीत पाहाले मी मुनीम हाये का?"

"चहा पे."

तेवढ्यात प्रफुल्ल आला, पेढ्यांचा पुडा घेऊन. रात्रभर झोपला नसावा, पण डोळे चमकत होते. रांग कशी संपता संपत नव्हती, कळंबहून कोण कोण आलं, साहेबांना व्हिडिओ पाठवला तर ते किती खूश झाले, हे सगळं त्यानं उभ्यानंच सांगितलं. पुढच्या वर्षी चूक होणार नाही. लोकांना मध्येच बसवायचं, आणि वाट भिंतीकडून काढायची.

"मूर्तीपुढं बसवशीन?" रुखमाबाईंनी विचारलं.

"पडद्यापुढे काकू. तिथूनच दिसतं." मग तो नानांजवळ बाजेवर बसला. "आणि नाना, तुम्ही म्हणत होता ना शिळं गाणं चालत नाही? तर नवं गाणंही आपण पडद्यावर घेऊ. पुण्याला यायचीही गरज नाही. चित्र आहे आपल्याजवळ, आवाजही आहे. त्या आवाजात आता नवे शब्द बसवता येतात. गळ्याला ताणच नाही. तुम्ही फक्त शब्द सांगा."

"फक्त शब्द," नाना म्हणाले.

"हो. काल ऐकलं मी. छान आहे. आणि लहान आहे ते बरं. दोनच कडवी आहेत ना?"

जफरनं बशी खाली ठेवली. रुखमाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी आपल्या चांगल्या डोळ्यानं नानांकडे पाहिलं. त्यांनी ते गाणं जुळताना वर्षभर ऐकलेलं होतं. मी बोलू शकलो असतो. मला तिसरं कडवं पाठ होतं, किंवा पाठ आहे असं वाटत होतं.

नानांनी पेढा उचलला, त्याचा अर्धा तुकडा केला आणि जफरच्या हातावर ठेवला.

"दोनच," ते म्हणाले.

मी बशी तोंडाला लावली. चहा केव्हाच संपलेला होता.